सतरा नंबरच्या घराची चूकदुरुस्ती

वैजापूरहून औरंगाबादला निघालेल्या एसटीत केरबा खिडकीशी बसला होता. मांडीवरची कापडी पिशवी त्यानं दोन्ही हातांनी अशी आवळून धरली होती की कंडक्टरनं शेवटी विचारलंच, "आत कोंबडी हाय का काय, मामा?" आत कोंबडी नव्हती. आत तेहतीस वर्षांपूर्वीचं, बारा पानांचं, कडा कुरतडलेलं एक मासिक होतं. ते केरबानंच लिहिलं होतं, त्यानंच छापलं होतं, आणि ते हाती पडल्यापासून मुक्तानं त्याच्याशी कायमचा अबोला धरला होता. आज तो तिच्याच घरी निघाला होता. ती का गप्प झाली, एवढं एकदा कळावं आणि मग खुशाल परत फिरावं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. चोपन्न वर्षांच्या माणसानं एकाच प्रश्नापायी निम्मं आयुष्य घालवावं हे काही शहाणपणाचं लक्षण नाही. पण वैजापुरात केरबाला शहाणा असं कोणी म्हणतही नव्हतं.

मासिकाचं नाव 'बुडीत भुतावळ'. नाव ऐकून हसू येतं, पण ते ठेवण्यामागं कारण होतं.

केरबाचं गाव हिवरठाण. गोदावरीच्या काठावर, पैठणच्या वरच्या अंगाला. जायकवाडीचं धरण बांधलं गेलं, पाणी चढत चढत आलं आणि पंच्याहत्तर साली हिवरठाण त्यात बुडालं. केरबा तेव्हा दहा वर्षांचा होता. चौसष्ट घरांची माणसं सात गावांत विखुरली. केरबाच्या बापानं मेंढरं पुढं घातली आणि वैजापूरची वाट धरली. केरबा कसाबसा दहावी झाला आणि तिथल्याच एका शाळेत शिपाई म्हणून चिकटला. शाळेत प्रश्नपत्रिका छापायला सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. मेणकागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, टोकदार लेखणीनं कोरायचं, तो कागद शाईच्या ड्रमावर चढवायचा, दांडा फिरवायचा, की एकसारखी पानं बाहेर पडायची. परीक्षा वर्षातून दोनदा, बाकीचे दिवस यंत्र नुसतं धूळ खायचं. केरबाला ते बघवत नसे.

त्यात एक दिवस रद्दीच्या गठ्ठ्यातून त्याला एक गंमत मिळाली. वेरूळ-अजिंठा बघायला आलेल्या कुणा गोऱ्यानं हॉटेलात टाकून दिलेलं एक घरगुती मासिक. इंग्रजी त्याला अडखळतच वाचता येई, पण चित्रं बोलकी होती: ओसाड किल्ले, वटवाघळं, जिन्यात मेणबत्ती घेऊन उभी असलेली बाई. आणि छपाई? छपाई थेट त्याच्या शाळेतल्या यंत्रासारखी, तीच फिकट शाई, तीच तिरकी ओळ. म्हणजे साता समुद्रापलीकडं कोणीतरी येडं आपल्यासारखंच बसून दांडा फिरवत होतं! केरबाला रात्रभर झोप आली नाही. भुतांना किल्लाच लागतो असं कुठं आहे? आपलं अख्खं गाव पाण्याखाली उभं आहे. दारं आहेत, चुली आहेत, माणूस नाही. याहून भुतांची सोय आणखी काय करायची?

दुसरं एक कारण होतं, आणि ते तो कुणाला सांगत नसे. गावच्या आठवणी लिहिल्या असत्या तर कोण वाचणार होतं? ज्याला त्याला नव्या जागी पोटाची पडलेली. पण भुताची गोष्ट हाती दिली की माणूस जेवण थांबवून वाचतो. म्हणून केरबानं एकेका घराला एकेक भूत दिलं. मनकर्णाबाईच्या घरातलं जातं पाण्याखाली आपोआप फिरतं आणि त्यातून पिठाऐवजी गाळ पडतो. भामाबाईच्या परसात कोणी दिसत नाही, पण ओल्या गोवऱ्या थापल्याचा आवाज येतो. त्याच्या स्वतःच्या घरात, नंबर अठरा, एक बिनशेपटीचं करडू राहत होतं आणि त्याला कोणी दूध पाजलं नाही तर ते माणसासारखं रडत होतं. गोष्टी वाचून माणसं घाबरायची आणि घाबरता घाबरता आपलं घर आठवून डोळे पुसायची. चौसष्ट घरं, म्हणून चौसष्ट प्रती. पहिल्याच पानावर नियम छापला होता: 'भूत दोनच हाका मारते. त्यांना ओ देऊ नये. तिसरी हाक आली तर बेलाशक ओ द्यावी, ती माणसाची असते.'

पहिल्या अंकाला उत्तर म्हणून एकच पत्र आलं. 'संपादक महाशय, आपण बारवेच्या पायऱ्या अकरा लिहिल्या आहेत. त्या तेरा होत्या. खालच्या दोन गाळात असत म्हणून आपल्याला दिसल्या नसतील. मी उन्हाळ्यात खाली उतरत असे. — मुक्ता, नाल्यापलीकडची.'

केरबाला ती आठवली. त्याच्याहून वर्षानं लहान, दोन वेण्या, पाटीवर सरळ रेघ पट्टीशिवाय ओढणारी. तिचं घर नाल्यापलीकडं, बौद्धांच्या वस्तीत. शाळेत दोघं एका रांगेत बसत, पण शाळा सुटली की ती नाल्याकडं वळे आणि हा धनगरगल्लीत. आता ती आयटीआय करून औरंगाबादेत पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागली होती. साहेबांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर हुबेहूब उतरवायचे, हे तिचं काम. ज्या खात्यानं गाव बुडवलं त्याच खात्यात बसून ती धरणाचे नकाशे उतरवत होती.

पत्रं सुरू झाली. ती चुका काढायची, हा दुरुस्त करायचा. पिंपळाची फांदी कुठल्या बाजूला वाकली होती, देवळाचा उंबरा दगडी की लाकडी, यावर चार चार पानं भांडण. केरबाला पोस्टमनची सायकल लांबून ओळखू यायला लागली. दुसऱ्या अंकापासून त्यानं एक रिवाज पाडला. ड्रमातून निघालेली पहिली प्रत मुक्ताची. पहिली प्रत सगळ्यांत काळीभोर उमटते. ती तो बाजूला ठेवायचा, वाळवायचा आणि मगच बाकीच्या त्रेसष्ट काढायचा. याला काय म्हणतात हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि त्याला स्वतःला सुचलंही नाही.

चौथ्या अंकासाठी तिनं अख्ख्या हिवरठाणचा नकाशा केला. केरबानं कोरी स्टेन्सिल पाठवली, तिनं तीवर स्वतः कोरून, नळीत गुंडाळून परत धाडली. काय नकाशा होता तो! चौसष्ट घरं, प्रत्येकाला सरकारी यादीतला नंबर, गोठे, बारव, पार, नाला. केरबानं स्टेन्सिल ड्रमावर चढवली, पहिली प्रत काढली, मुक्तासाठी बाजूला ठेवली. ती वाळत असताना नजर गेली तर सतरा आणि अठरा या दोन घरांमधल्या भिंतीची रेघ मध्येच नखभर तुटलेली. लेखणी नीट दाबली गेली नसेल बिचारीची, असं म्हणून त्यानं स्टेन्सिल अलगद उचलली, आपल्या लेखणीनं ती रेघ जोडून टाकली आणि उरलेल्या त्रेसष्ट प्रती काढल्या. कामात तो असा चोख होता.

भानगड पुढंच झाली. सतरा नंबरचं घर मुक्ताचं. आणि नकाशात ते नाल्यापलीकडं नव्हतं, धनगरगल्लीत केरबाच्या घराला लागून होतं. रेघ जोडायच्या नादात केरबाच्या हे ध्यानात आलं नाही, पण धनगरगल्लीच्या चांगलंच आलं. धोंडिबा तात्यांचं पत्र आलं, 'नाल्यापलीकडचं घर आपल्या गल्लीत आणून बसवलंस, पोरा, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?' आणखी दोघांची आली, त्यांत तर तेही सौजन्य नव्हतं. त्याच आठवड्यात मुक्ताचं पत्र आलं, सगळ्यांत लहान: 'अंक मिळाला. नकाशा नीट बघितलात ना?' संपादकानं उलट टपाली उत्तर दिलं, 'बघितला. एक चूक राहिली आहे. पुढच्या अंकात दुरुस्ती देतो.'

आणि दिली. पाचव्या अंकाच्या पहिल्या पानावर, चौकटीत. त्यानंतर मुक्ताचं पत्र आलं नाही. केरबानं दोन पत्रं टाकली, दोन्हींना उत्तर नाही. तिसरं लिहिलं नाही. ती रागावली असेल, तिचं लग्न ठरलं असेल, बदली झाली असेल, असं तो मनाची समजूत घालत राहिला. सहावा अंक निघालाच नाही. पुढं केरबाचंही लग्न झालं. चंपाबाई भली बाई होती, तिनं संसार नेटका केला आणि पाच वर्षांपूर्वी ती गेली. मुलगा पुण्याला. केरबानं शाळा सोडून तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. तिथं दिवसभर तो लोकांचे सातबारे छापायचा आणि पहिली प्रत निघाली की उगाच क्षणभर हातात धरायचा.

मागच्या मंगळवारी दुकानात फोन आला होता.

"'बुडीत भुतावळ'चे संपादक केरबा तुम्हीच का?" मुलीचा आवाज, शहरी, घाईतला. "मी रत्नमाला बोलतेय, गारखेड्यातून. शाळेतून तुमचा नंबर मिळाला. काका, तुमच्या मासिकावर आम्ही एक खेळ बनवलाय."

"कसला खेळ?"

"टेबलावर बसून खेळायचा. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. कुठं जायचं, काय करायचं, ज्यानं त्यानं सांगायचं. जमलं का फसलं ते फासा ठरवतो. बाहेरच्या देशांत लोक असल्या जुन्या भुताखेतांच्या घरगुती मासिकांवरून खेळ बनवतात. मी म्हटलं, आपल्याकडं तर घरातच माल पडलाय."

"म्हंजी सोंग घ्यायचं, पर तोंडाला रंग न लावता."

"एकदम करेक्ट, काका!"

"पर अंक तुला कुठं गावले, बाई? वैजापुरात तर कुणापाशी नाय राहिले."

"आईच्या पेटीत. चार अंक होते. मुक्ता नाव आईचं."

केरबानं झेरॉक्सचं मशीन बंद केलं. समोर उभ्या गिऱ्हाईकाला हातानंच थांब म्हणाला.

"आई... बरी हाय का?"

"बरी आहे. बाबा गेले तेव्हापासून माझ्याकडंच असते. तुम्हाला बोलवते म्हणून सांगितलं तर काही बोलली नाही. पण नको असंही म्हणाली नाही. या रविवारी या, काका."

तर असा केरबा निघाला होता. बाहेर दोन हजार एकोणीसचा मे महिना पेटला होता. रस्त्याच्या कडेनं टँकरमागून टँकर चालले होते. पेपरात फोटो आला होता: जायकवाडीचा नाथसागर तळाला गेला, हिवरठाणची बारव उघडी पडली. केरबानं फोटोतल्या पायऱ्या भिंगातून मोजल्या होत्या. तेरा.

गारखेड्यात उतरल्यावर त्याला काही ओळखू येईना. बहात्तरच्या दुष्काळात याच माळावर बापानं मेंढरं बसवली होती. केरबा तेव्हा खांद्यावर बसून आला होता. आता माळ कुठला नि मेंढरं कुठली. इमारतीला इमारत लागलेली, प्रत्येकीच्या गच्चीवर काळ्या टाक्या. खाली बायका-पुरुष बादल्या घेऊन लगबगीत. सहा दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. केरबानं मनात म्हटलं, आमचं गाव बुडवून आणलेलं पाणी, तेही यांना आठवड्यातून एकदाच मिळतं. मग तिसऱ्या मजल्यावर चढला.

दार रत्नमालानं उघडलं. पंचविशीची, कपाळ थेट आईचं. बाहेरच्या खोलीत टेबलाभोवती दोघं बसली होती. रत्नमालाच्या ऑफिसातला इंद्रजीत, आणि आर्किटेक्चर शिकणारी शालू. दोघं उठून उभी राहिली तेव्हा केरबाला वाटलं आपल्या मागं कोणी साहेब आला असेल.

"आई?" केरबानं हळूच विचारलं.

रत्नमालानं स्वयंपाकघराकडं मान केली. तिथं पडदा होता. पडद्याआड नळाची धार हंड्यात पडत होती. "पाणी भरतेय. सकाळपासून तिथंच आहे. बसा तुम्ही, येईल."

पाण्याचा पेला रत्नमालानंच आणून दिला. केरबा बसला. पिशवी मांडीवर. टेबलावर चार अंक होते आणि मधोमध चौथ्या अंकातला नकाशा पसरलेला, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. वीस बाजूंचा एक फासा होता, चिंचोक्याएवढा.

"काका, तुम्ही कोण होणार?" इंद्रजीतनं विचारलं. "मी साहेब आहे, पाणी मोजायला आलेला. शालू चोर आहे, बुडालेल्या देवळातली घंटा चोरणार."

"मी?" केरबानं विचार केला. "मी दहा वरसांचा केरबा."

पोरं हसली, मग हसायची थांबली. रत्नमालानं मान डोलावली आणि खेळ सुरू केला. तिचा आवाज बदलला. तिनं सांगितलं, दुष्काळानं पाणी उतरलंय, चिखल वाळून तडकलाय, तुम्ही तिघं वेशीत उभे आहात. केरबाला आपलेच शब्द तिच्या तोंडून ऐकू येत होते, पण वेगळेच लागत होते. शालूनं मनकर्णाबाईच्या घरात डोकावून फासा टाकला आणि जात्यातला गाळ तिच्या अंगावर आला. इंद्रजीत भामाबाईच्या परसात गोवऱ्यांचा आवाज ऐकून पळाला. केरबा म्हणाला, "पळू नको. भामाबाय हाय ती. तिला म्हण, केरबाची आय तिखट मागती. हसंल ती." रत्नमालानं चटकन ते टिपून घेतलं. मासिकात ते नव्हतं. केरबाला इतकी वर्षं जे कुणाशी बोलायला मिळालं नव्हतं ते तो तासभर बोलत राहिला, आणि ही अनोळखी पोरं त्याच्या गावात त्याच्या मागून चालत राहिली. असं कोणी आपल्या गावात यावं म्हणून त्यानं भुतं लिहिली होती, हे त्याला आत्ता कळत होतं.

मग तो अठरा नंबरच्या घरात शिरला. बिनशेपटीचं करडू कोपऱ्यात रडत होतं. केरबानं त्याला दूध पाजलं. फासा न टाकताच रत्नमालानं ते मान्य केलं.

"आता सतरा," शालू दबक्या आवाजात म्हणाली. "काका, सतराला तुम्ही भूत लिहिलंच नाही. चारही अंकांत नाही. आम्ही सगळ्यांत जास्त त्यालाच घाबरतो."

"तिथं भूत नव्हतंच," केरबा म्हणाला. "तिला भूत कसं करायचं?"

"मग जाऊ या आत. भिंतीतल्या दारातून."

"भिंतीत दार नाय पोरी. आन् सतरा इथं नाय, ते नाल्यापलीकडं हाय. नकाशात चूक झाली हुती. मी दुरुस्ती छापली हुती." असं म्हणून केरबानं पिशवीतून पाचवा अंक काढला. याचसाठी तर आणला होता. त्यानं चष्मा लावला आणि वाचून दाखवलं, "'चूकदुरुस्ती. गेल्या अंकातील नकाशात घर क्रमांक १७ नजरचुकीने धनगरगल्लीत दाखविले गेले आहे. वाचकांनी ते नाल्यापलीकडे वाचावे. तसदीबद्दल दिलगीर आहोत. संपादक.'"

स्वयंपाकघरात हंडा भरून वाहायला लागला होता, आवाजावरून कळत होतं. तो कोणी बाजूला घेत नव्हतं.

"काका," रत्नमाला सावकाश म्हणाली, "आईनं तीस वर्षं नकाशे उतरवले. तिच्या हातून एक रेघ चुकल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि स्वतःच्या घराची जागा चुकेल?"

केरबानं हातातल्या अंकावरची ती चौकट पुन्हा एकदा मनात वाचली.

"आणि दार आहे," शालू नकाशावर वाकून म्हणाली. ती आपल्या अभ्यासाचंच बोलत होती, तिला बाकीचं काही ठाऊक नव्हतं. "हे बघा. भिंतीची रेघ इथं तुटलीय. दार असंच दाखवतात. सगळ्या घरांची दारं तिनं अशीच दाखवलीत, मोजा हवं तर, प्रत्येकाची रेघ इतकीच तुटलेली. फक्त सतरा आणि अठराचं दार रस्त्यावर नाही. एकमेकांत आहे."

केरबानं नकाशा जवळ ओढला. ही पहिली प्रत होती. काळीभोर. चौसष्टांतली ही एकच, जी त्याची लेखणी फिरायच्या आधी निघाली होती. रेघेतली ती नखभर फट त्याला स्वच्छ दिसत होती. एकदा शाळेच्या यंत्रापाशी दिसली होती तशीच.

त्याला सगळं एका झटक्यात कळलं. लेखणी दाबायची राहिली नव्हती. पट्टीशिवाय रेघ ओढणाऱ्या त्या मुलीनं सगळं गाव जसंच्या तसं उतरवलं होतं आणि एकच घर उचलून जिथं असायला हवं होतं तिथं ठेवलं होतं. नाला मध्ये नको म्हणून. भिंतीत दार ठेवलं होतं. आणि विचारलं होतं, नकाशा नीट बघितलात ना? आणि यानं काय केलं? दार आपल्या हातानं बुजवलं, ते चुकून. आणि घर नाल्यापलीकडं नेऊन टाकलं, ते मात्र चुकून नाही. चूकदुरुस्ती म्हणे. धोंडिबा तात्यांच्या पत्राला भिऊन केलेलं काम होतं ते. तेव्हाही त्याला आतून ठाऊक होतं, फक्त छापताना त्यानं त्याला दुसरं नाव दिलं. चौसष्ट घरांत वाटलं. एक प्रत तिलाही धाडली, पहिली, सगळ्यांत काळीभोर.

"मी भ्यालो हुतो," केरबा म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक. चष्मा काढून त्यानं टेबलावर ठेवला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं पुसायचंही भान त्याला राहिलं नाही. इंद्रजीत खुर्चीत अवघडला. शालूनं घाबरून रत्नमालाकडं बघितलं, आपण काय बोलून बसलो म्हणून.

रत्नमाला मात्र हलली नाही. तिनं पडद्याकडं एकदा पाहिलं. मग खेळातला आवाज काढून म्हणाली, "दहा वर्षांचा केरबा अठरा नंबरच्या घरात उभा आहे. समोर भिंत आहे. भिंतीत दार आहे. केरबा, काय करणार?"

केरबानं पाचवा अंक उचलला, दोनदा घडी घातली आणि पिशवीत कोंबला.

"हाक मारनार."

"पहिल्या दोन हाकांना ओ मिळत नाही. तुमचाच नियम आहे."

"त्या दोन कवाच्याच मारून झाल्या, बाई," केरबा म्हणाला. "शाळेच्या पत्त्यावरून धाडल्या हुत्या. ही तिसरी हाय." आणि तो नकाशाकडं बघतच, पण खोलीबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मुक्ता."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

खालून बायकांची भांडणं ऐकू येत होती, कुणाच्या तरी बादलीवरून. केरबाची नजर त्या फटीवरून हलेना. इंद्रजीत बिचारा सरळ मनाचा पोरगा. त्यानं फासा उचलला आणि खेळातला अगदी रास्त प्रश्न विचारला.

"पण दार उघडायचं म्हणजे... कडी कुठल्या बाजूला आहे?"

रत्नमाला उत्तर द्यायला गेली, तेवढ्यात मागून आवाज आला. पडदा सरकला होता. मुक्ताबाई दारात उभी होती, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. केस पांढरे झाले होते. ती केरबाकडं बघत नव्हती, टेबलावरच्या नकाशाकडं बघत होती, आपलं काम तपासावं तशी.

"त्यांच्या बाजूला," ती म्हणाली.

केरबानं हात पुढं केला. सतरा आणि अठराच्या मधली ती नखभर जागा शोधली आणि त्यावर बोट टेकवलं.

"कडी काढली," तो म्हणाला.